ऐकणारा कॅमेरा : आसिया जेबार

यशाच्या शिखरावर असलेल्या लेखकाने अचानक लेखणी खाली ठेवली, तर त्याची प्रतिभा आटली असा निष्कर्ष वाचक आणि समीक्षक सहज काढून मोकळे होतात. अल्जीरियाच्या आसिया जेबार यांच्या वाट्याला हेच आले. वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत त्यांच्या चार कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या होत्या. पॅरिसमधील साहित्यवर्तुळात त्यांचे नाव झाले होते. १९६७ नंतर मात्र त्यांची एकही कादंबरी आली नाही. हे मौन दहा वर्षांहून अधिक काळ टिकले. त्या मौनाच्या अखेरीस त्यांनी जगासमोर जे ठेवले ते पुस्तक नव्हते, तर चित्रपट होता. एका डोंगराळ मुलुखातील निरक्षर शेतकरी स्त्रियांचे आवाज त्यात साठवलेले होते. या चित्रपटाने अल्जीरियाच्या सिनेमाला पहिली महत्त्वाची दिग्दर्शिका दिली आणि एका लेखिकेला तिची हरवलेली लेखणी परत मिळवून दिली.

आसिया जेबार हे त्यांचे जन्मनाव नव्हे. ३० जून १९३६ रोजी जन्मलेल्या या मुलीचे नाव फातिमा-झोहरा इमालाएन. जन्मगाव शेर्शेल. अल्जिअर्सच्या पश्चिमेला, भूमध्य समुद्राच्या काठी वसलेले हे गाव रोमन काळात राजधानीचे शहर होते. फ्रेंचांनी १८३० मध्ये अल्जिअर्स जिंकले, त्याला तेव्हा शंभर वर्षे उलटून गेली होती. वडील ताहर हे मितिजाच्या सुपीक मैदानातील एका गावात फ्रेंच शाळेत शिक्षक होते. आई बहिया ही शेनुआच्या डोंगराळ भागातील बेनी मनासेर या बर्बर जमातीच्या घराण्यातली. १८७१ मध्ये फ्रेंचांविरुद्ध उठाव करणारा मालेक एल-बेरकानी हा या घराण्याचा पूर्वज. त्याच्या कथा आजी रात्री नातवंडांना सांगत असे. पुस्तकात न सापडणारा इतिहास फातिमा-झोहराने प्रथम ऐकला तो असा, एका म्हाताऱ्या स्त्रीच्या तोंडून.

घरात बर्बर वारसा, बोलण्यात अरबी, मदरशात कुराण आणि शाळेत फ्रेंच अशा अनेक भाषांच्या सोबतीने ही मुलगी वाढली. तिच्या वयाच्या मुली वयात येताच बुरख्याआड आणि घराच्या भिंतींआड जात. वडिलांनी मात्र तिचे बोट धरून तिला फ्रेंच शाळेत नेले आणि पुढे ब्लिदा येथील वसतिगृहात ठेवून शिकवले. याच वडिलांनी चिमुरड्या मुलीला सायकल शिकताना पाहिले, तेव्हा तिचे पाय उघडे दिसतात म्हणून तिला कठोरपणे थांबवले. दार उघडणारा आणि दार लावणारा हात एकच होता. हा प्रसंग त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत. सत्तरी ओलांडल्यावर लिहिलेल्या अखेरच्या आत्मकथनपर पुस्तकातही तो आला आहे.

१९५५ मध्ये फातिमा-झोहराने पॅरिसजवळच्या सेव्र येथील प्रतिष्ठित उच्च शिक्षण संस्थेत प्रवेश मिळवला. तेथे पोहोचलेली ती पहिली अल्जीरियन मुस्लिम मुलगी. पण १ नोव्हेंबर १९५४ पासून मायदेशात स्वातंत्र्ययुद्ध पेटले होते. मे १९५६ मध्ये अल्जीरियन विद्यार्थ्यांच्या संघटनेने शिक्षणावर बहिष्कार पुकारला, तेव्हा ती त्यात सामील झाली आणि परीक्षेला बसली नाही. त्या रिकाम्या काळात तिने पहिली कादंबरी लिहून टाकली. 'ला स्वाफ', म्हणजे 'तहान', १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली. एका तरुणीच्या देहभानाची ही कथा आपल्या नावाने छापली जाऊ नये, वडिलांना कळू नये, म्हणून टोपणनाव हवे होते. आसिया या नावात सांत्वनाचा अर्थ आहे, तर जेबार हा ईश्वराच्या नव्व्याण्णव नावांपैकी एकाचा घाईत लिहिला गेलेला अपभ्रंश. न झुकणारा असा त्याचा भाव. पुढचे आयुष्य पाहता हे नाव त्यांना शोभले.

फ्रेंच समीक्षकांनी या एकवीस वर्षांच्या लेखिकेची तुलना फ्रांस्वाज सागाँ हिच्याशी केली. मायदेशी मात्र, युद्ध चालू असताना प्रेमकथा लिहिल्याबद्दल तिला बोल लावण्यात आला. १९५८ मध्ये विवाहानंतर आसिया ट्युनिसला गेल्या. स्वातंत्र्यलढ्याचे मुखपत्र असलेल्या 'एल मुजाहिद'साठी काम करताना त्यांनी सीमेवरच्या छावण्यांमधील निर्वासित अल्जीरियन शेतकरी स्त्रियांशी संवाद साधला. गावे जळालेली, माणसे गमावलेली, अंगावरच्या वस्त्रांनिशी सीमा ओलांडलेली ही माणसे. कोणाचे तरी दुःख शब्दशः ऐकून घेणे म्हणजे काय, याचा हा त्यांचा पहिला धडा. पुढे काही काळ मोरोक्कोत रबात येथे त्यांनी इतिहास शिकवला आणि १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र होताच अल्जिअर्स विद्यापीठात इतिहासाच्या प्राध्यापिका म्हणून रुजू झाल्या.

स्वतंत्र देशाने पहिला पेच टाकला तो भाषेचा. इतिहास यापुढे अरबीतूनच शिकवावा, असा आग्रह सुरू झाला. परकी सत्ता गेल्यावर तिची भाषाही जावी, ही भावना समजण्यासारखी होती. पण एक सबंध पिढी फ्रेंचमध्ये शिकलेली होती आणि आसिया त्याच पिढीच्या होत्या. बोलण्याची अरबी त्यांना येत होती. ग्रंथांच्या अरबीत लिहिण्या-शिकवण्याइतका अधिकार मात्र नव्हता. १९६५ मध्ये त्यांनी पद सोडले आणि पॅरिस गाठले. १९६७ मध्ये चौथी कादंबरी आली आणि त्यानंतर ते दीर्घ मौन सुरू झाले.

या मौनामागचे कारण प्रतिभेचे नव्हते, नीतीचे होते. चौथी कादंबरी लिहिताना आपण स्वतःच्या आयुष्याच्या फार जवळ येत आहोत आणि ते जिंकणाऱ्यांच्या भाषेत उघडे करत आहोत, याची जाणीव त्यांना झाली. ज्या स्त्रियांबद्दल लिहायचे त्यांना ही भाषा वाचता येत नव्हती. खरे तर कोणतीच भाषा वाचता येत नव्हती. आई, आजी, मावश्या यांचे जग फ्रेंच वाक्यात बसवताना त्यांचा आवाज गळून पडत होता. अरबीत लेखन करण्याचा विचारही त्यांनी करून पाहिला. पण पुस्तकी अरबी ही त्या स्त्रियांची घरातली बोली नव्हती. लिखित शब्दाच्या दोन्ही वाटा बंद असल्यासारख्या झाल्या, तेव्हा उरली ती तिसरी वाट. बोललेला शब्द, तो ज्या गळ्यातून निघतो त्या गळ्यासह टिपून ठेवणारे यंत्र.

१९७४ मध्ये त्या अल्जिअर्सला परतल्या आणि विद्यापीठात पुन्हा शिकवू लागल्या. याच काळात त्यांनी देशाच्या सरकारी दूरचित्रवाणीसाठी चित्रपट करण्याचे ठरवले. माध्यमाची ही निवडही सूचक होती. चित्रपटगृहे पुरुषांची होती. दूरचित्रवाणी संच मात्र घरात, जिथे स्त्रिया असत, तिथे पोहोचत होता.

त्या काळचा अल्जीरियन सिनेमा युद्धाच्या भव्य गाथेने भारलेला होता. १९६६ मध्ये आलेल्या 'बॅटल ऑफ अल्जिअर्स' या इटालियन दिग्दर्शकाच्या चित्रपटाने हा लढा जगभर पोहोचवला होता. १९७५ मध्ये मोहम्मद लखदर-हमिना यांच्या युद्धपूर्व काळावरील महाकाव्यसदृश चित्रपटाला कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. पडद्यावर बंदुका, मिरवणुका आणि हुतात्मे होते. युद्धात जेवण पोहोचवणाऱ्या, जखमींना लपवणाऱ्या, निरोप नेणाऱ्या, पुरुष मारले गेल्यावर शेती आणि लेकरे सांभाळणाऱ्या स्त्रिया मात्र स्वातंत्र्यानंतर घरात परतल्या होत्या आणि त्यांचे काय झाले हे विचारायला कोणी आले नव्हते.

आसिया जेबार गेल्या त्या थेट आईच्या मुलुखात, शेनुआच्या डोंगरात. हातात प्रथम कॅमेरा नव्हता, टेपरेकॉर्डर होता. नातेसंबंधाच्या आधारावर एकेक दार उघडत गेले. परक्या माणसाला ज्या गोष्टी कधीच सांगितल्या गेल्या नसत्या, त्या आपल्याच जमातीच्या नातीला सांगण्यात आल्या. तास न् तास केलेल्या या ध्वनिमुद्रणांतून चित्रपटाचा सांगाडा उभा राहिला. आधी आवाज आणि मग दृश्य, हा क्रम त्यांनी कटाक्षाने पाळला.

१९७७ साली पूर्ण झालेल्या या चित्रपटाचे नाव 'ला नुबा दे फाम द्यु माँ शेनुआ', म्हणजे शेनुआ पर्वतावरील स्त्रियांची नुबा. सुमारे दोन तासांच्या या चित्रपटाच्या नावातील नुबा शब्दाला दोन अर्थ आहेत. आंदालुसियातून उत्तर आफ्रिकेत आलेल्या अभिजात संगीतातील, अनेक भागांत बांधलेली दीर्घ रचना म्हणजे नुबा. त्याचबरोबर पाळी हाही त्याचा अर्थ. एकीचे बोलणे संपले की दुसरीची पाळी. चित्रपटाचे भागही याच संगीतरचनेच्या क्रमाने मांडलेले आहेत. या नावामागे घरातली एक जखमही होती. आसिया यांच्या आईने तरुणपणी नुबातील गीते वह्यांमध्ये अरबीत उतरवून ठेवली होती. युद्धकाळात घराची झडती घेणाऱ्या फ्रेंच सैनिकांना ती लिपी वाचता येत नव्हती. काहीतरी राष्ट्रवादी मजकूर असावा या संशयाने त्यांनी त्या वह्या नष्ट केल्या. आईचे हरवलेले गाणे मुलीने चित्रपटाच्या नावात परत आणले.

चित्रपटाची नायिका लीला ही वास्तुविशारद आहे. युद्धानंतर पंधरा वर्षांनी ती पती अली आणि लहान मुलीसह आपल्या मूळ प्रदेशात येते. युद्धात बेपत्ता झालेल्या भावाचा ठाव तिला घ्यायचा आहे. आरंभीच ती भिंतीकडे तोंड करून, प्रेक्षकांकडे पाठ फिरवून उभी दिसते. अपघातामुळे पती चाकाच्या खुर्चीला खिळलेला आहे. तो दारातून पत्नीकडे पाहू शकतो, पण तिच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. पुरुष जागेवर आणि स्त्री रस्त्यावर, अशी ही उलटापालट आहे. लीला गाडी चालवत वाड्या-वस्त्यांवर जाते, ओट्यावर, अंगणात बसते आणि ऐकते. येथे कल्पित कथा संपते आणि माहितीपट सुरू होतो. समोर बसलेल्या वृद्ध स्त्रिया अभिनेत्री नाहीत. त्या आपल्याच जाळलेल्या घरांविषयी आणि मारल्या गेलेल्या मुलांविषयी बोलत आहेत.

त्यांच्या बोलण्यात घोषणा नाहीत. पीठ किती उरले होते, सैनिक कोणत्या बाजूने आले, मुलाला कोणत्या कपड्यात शेवटचे पाहिले, अशा तपशिलांतून युद्ध उभे राहते. दिग्दर्शिका त्यांना घाई करत नाही. त्यांच्या थांबण्यालाही ती चित्रचौकटीत जागा देते. अल्जीरियातील स्त्रिया अंगभर पांढरा हाइक पांघरून बाहेर पडत, तेव्हा अनेकींचा एकच डोळा उघडा राही. कॅमेऱ्याचे छोटे भिंग हे आसिया यांना त्या डोळ्यासारखे वाटले. शतकानुशतके जिच्याकडे पाहिले गेले किंवा जिला पाहण्यास मनाई होती, ती आता त्या फटीतून स्वतः जग पाहू लागली होती.

हा चित्रपट दोघांना अर्पण केलेला आहे. पहिले हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक. १९१३ मध्ये ते अल्जीरियाच्या बिस्क्रा परिसरात लोकसंगीत ऐकण्यासाठी, टिपून घेण्यासाठी आले होते. हुकूम गाजवण्यासाठी नव्हे तर ऐकण्यासाठी आलेला हा युरोपीय, म्हणून त्यांचे संगीतही चित्रपटात आहे. दुसरी झुलिखा उदाई. शेर्शेलमध्ये स्वातंत्र्यलढ्याचे जाळे चालवणाऱ्या या स्त्रीला फ्रेंच सैन्याने १९५७ मध्ये पकडून ठार केले. तिचा मृतदेह कुटुंबीयांच्या हाती दिला गेला नाही.

अल्जिअर्समध्ये चित्रपटाचे स्वागत थंडपणे आणि काही प्रमाणात रोषानेही झाले. कथा आणि माहितीपट यांची सरमिसळ अनेकांना रुचली नाही. खुर्चीत असहाय बसलेला पुरुष आणि मोकळेपणी हिंडणारी स्त्री ही प्रतिमा तर अधिकच खुपली. वीरगाथेची सवय झालेल्या प्रेक्षकाला पिठाचा आणि गोठ्याचा इतिहास अपुरा वाटला. परंतु १९७९ मध्ये व्हेनिस येथे या चित्रपटाला आंतरराष्ट्रीय समीक्षकांचे पारितोषिक मिळाले आणि मायदेशात वादग्रस्त ठरलेल्या या कृतीकडे जगाचे लक्ष गेले.

दुसऱ्या चित्रपटात त्यांनी अधिक धाडसी प्रयोग केला. १९८२ मध्ये पूर्ण झालेला 'ला झेर्दा' हा सुमारे तासाभराचा माहितीपट एकही नवे दृश्य न टिपता तयार झाला. पाथे आणि गोमाँ या फ्रेंच कंपन्यांच्या संग्रहात १९१२ ते १९४२ या काळातील उत्तर आफ्रिकेचे चित्रीकरण पडून होते. झेर्दा म्हणजे सण, मेजवानी. वसाहतवाल्यांच्या कॅमेऱ्याने घोडेस्वारांच्या कवायती, उत्सव, बाजार, बुरख्यातल्या स्त्रिया हे सारे तमाशासारखे टिपले होते. भूक, सक्तीची सैन्यभरती आणि जमिनी गमावलेली कुटुंबे त्यात नव्हती, किंवा चौकटीच्या कडेला चुकून येऊन गेली होती. आसिया जेबार आणि त्यांचे दुसरे पती, कवी मालेक अलूला यांनी संहिता लिहिली. मोरोक्कन संगीतकार अहमद एस्सियाद यांनी संगीत दिले.

या दृश्यांवर त्यांनी निनावी आवाज, कुजबुज, गाणी आणि आक्रोश यांचा पट विणला. वृत्तपटातील माणसे मुकी होती. त्यांच्यासाठी बोलणारा निवेदक नेहमी सत्ताधाऱ्यांचा असे. त्याचा आवाज काढून टाकून त्या जागी पाहिल्या गेलेल्यांचे आवाज आणताच त्याच दृश्याचा अर्थ उलटा झाला. पाहुण्यांच्या स्वागताला उभी असलेली गर्दी स्वागताची राहिली नाही, ती सक्तीने आणून उभी केलेली वाटू लागली. जेत्याने ठेवलेला पुरावा जेत्याविरुद्धच साक्ष देऊ लागला. १९८३ मध्ये बर्लिन महोत्सवात या माहितीपटाला उत्कृष्ट ऐतिहासिक चित्रपट म्हणून गौरवण्यात आले. यानंतर मात्र आसिया जेबार यांना चित्रपट करता आला नाही. पडद्यावरील त्यांची कारकीर्द दोनच चित्रपटांची राहिली.

पण त्या दोन चित्रपटांनी लेखिकेला बदलून टाकले होते. १९८० मध्ये, 'नुबा'नंतर तीन वर्षांनी, त्यांचा कथासंग्रह आला. देलाक्रवा या फ्रेंच चित्रकाराने १८३२ मध्ये अल्जिअर्सला भेट देऊन तेथील अंतःपुरातील स्त्रियांचे जे गाजलेले चित्र काढले, त्याचेच नाव त्यांनी या संग्रहाला दिले. परक्या पुरुषाच्या चोरट्या नजरेने पाहिलेल्या त्या स्त्रियांना आता बोलते करायचे होते. १९८५ मध्ये 'लामूर, ला फाँताझिया' ही त्यांची सर्वाधिक नावाजलेली कादंबरी प्रसिद्ध झाली. तिची बांधणी जणू चित्रपटाच्या संकलनासारखी आहे. १८३० च्या आक्रमणात सामील झालेल्या फ्रेंच अधिकाऱ्यांची पत्रे आणि अहवाल एका बाजूला, स्वतःचे बालपण दुसऱ्या बाजूला आणि तिसऱ्या भागात शेनुआच्या स्त्रियांचे आवाज. १८४५ मध्ये दाहरा येथील गुहांमध्ये आश्रय घेतलेल्या जमातीला धुराने गुदमरवून मारण्यात आले. ही कहाणी त्यांनी मारणाऱ्यांच्याच कागदपत्रांतून उभी केली. 'झेर्दा'त वापरलेली रीत येथे ग्रंथात उतरली होती. भावाला डोळ्यांदेखत गोळी घातली गेल्यावर झाडावर लपून राहिलेल्या किशोरवयीन शरीफाची हकीकतही याच पुस्तकात येते. फ्रेंच भाषेविषयीची अपराधी भावना संपली नव्हती. पण आता त्या भाषेतून दुसऱ्यांचे आवाज वाहून नेण्याचा मार्ग सापडला होता.

नव्वदचे दशक अल्जीरियासाठी रक्तपाताचे ठरले. धर्मांध गट आणि लष्कर यांच्यातील संघर्षात लेखक, पत्रकार, डॉक्टर मारले जाऊ लागले. मार्च १९९४ मध्ये मालेक अलूला यांचे बंधू, नाटककार अब्देलकादर अलूला यांची ओरान येथे हत्या झाली. गमावलेल्या मित्रांच्या आठवणींतून आसिया यांचे 'ल ब्लाँ द लाल्जेरी' हे शोकपुस्तक जन्माला आले. त्या परदेशातच राहिल्या. अमेरिकेत प्रथम लुइझियाना राज्य विद्यापीठात आणि २००१ पासून न्यूयॉर्क विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. १९९६ मध्ये नॉयश्टाट पुरस्कार आणि २००० मध्ये जर्मन ग्रंथव्यवसायाचा शांतता पुरस्कार त्यांना मिळाला. २००२ मध्ये त्या पुन्हा झुलिखाकडे वळल्या. चित्रपट अर्पण केल्याला पाव शतक लोटले होते. थडगे न लाभलेल्या त्या स्त्रीवर त्यांनी अखेर संपूर्ण कादंबरी लिहिली.

जून २००५ मध्ये फ्रेंच अकादमीवर त्यांची निवड झाली. माघ्रेब प्रदेशातून या संस्थेत पोहोचलेल्या त्या पहिल्या लेखिका. पुढच्या वर्षी प्रवेशसमारंभातील भाषणात त्यांनी वसाहतवादाने आपल्या देशाला केलेल्या जखमेचा स्पष्ट उच्चार केला. फ्रेंच भाषेच्या सर्वोच्च आसनावरून, त्याच भाषेत.

६ फेब्रुवारी २०१५ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. इच्छेनुसार त्यांचा दफनविधी शेर्शेल येथे झाला. त्याच वर्षी अल्जीरियाने त्यांच्या नावे कादंबरीसाठी पुरस्कार सुरू केला. तो तीन भाषांतील लेखनाला दिला जातो. अरबी, बर्बर आणि फ्रेंच. ज्या तीन भाषांच्या ओढाताणीने त्यांना दहा वर्षे मुके केले, त्या तिन्ही त्यांच्या नावाखाली शेजारी येऊन बसल्या.

त्यांच्या पुस्तकांची भाषांतरे जगभर झाली. अकादमीच्या इतिहासात त्यांची नोंद राहील. पण शेनुआच्या ज्या म्हाताऱ्यांनी त्यांच्या टेपरेकॉर्डरसमोर मन मोकळे केले, त्यांच्या नावाची नोंद कोणत्याही सरकारी दफ्तरात युद्धवीर म्हणून झालेली नव्हती. लिहिता न येणाऱ्या त्या स्त्रियांचा इतिहास त्यांच्याबरोबरच मातीत गेला असता. त्यांचा आवाज आजही ऐकू येतो, कारण एका प्रसिद्ध लेखिकेने स्वतःचे बोलणे थांबवून त्यांच्या पायरीशी बसण्याचे ठरवले होते.